शजरा, नसब आणि इमान : धर्मग्रंथांतील वंशावळींचा बोध

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील मादन हिप्परगा हे सीमाभागातील गाव. या पट्ट्यात कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तीनही भाषा कानांवर पडतात. पूर्वजांची नोंद ठेवण्याच्या रीतीही येथे अनेक आहेत. शेतकरी कुटुंबांची वंशावळ हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. ते बैल घेऊन गावोगाव फिरतात, घराण्याची नावे वाचून दाखवतात व नव्या जन्मांची भर घालतात. दर्ग्यांशी निगडित घराण्यांत शजरा जपला जातो. वतनाचा तंटा उभा राहिला की मध्ययुगीन दख्खनमध्ये महजर होई आणि त्यातही वंशावळ हा महत्त्वाचा पुरावा असे. म्हणजे वंशावळ हा केवळ अभिमानाचा विषय नव्हता. हक्क, जमीन आणि मान तिच्यावर अवलंबून होते. या पार्श्वभूमीवर धर्मग्रंथांतील वंशावळी काय शिकवतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

यहुदी परंपरेत वंशावळीला कायद्याचे वजन होते. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या ज्या याजक घराण्यांना आपली नोंद दाखवता आली नाही, त्यांना याजकपदापासून दूर ठेवले गेले, असे एज्राच्या ग्रंथात नमूद आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात हजरत इब्राहीम (अ.स.) यांच्यापासून हजरत ईसा (अ.स.) यांच्यापर्यंतच्या पिढ्या चौदा-चौदाच्या तीन गटांत मांडल्या आहेत. हा आकडा साधताना काही राजांची नावे गाळली गेली. मनश्शेसारख्या दुराचारी राजाचे नाव मात्र राहिले. शिवाय मरियमखेरीज तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी अशा चार स्त्रियांचा उल्लेख आहे. यांपैकी रूथ तर मवाबी, म्हणजे परकीय होती. यावरून वंशावळ ही निव्वळ नावांची यादी नसून मांडणारा तिच्यातून काही सांगू पाहत असतो, हे ध्यानात येते.

भारतीय परंपरेतही असेच दाखले सापडतात. पुराणांच्या पाच लक्षणांत वंश आणि वंशानुचरित यांचा समावेश आहे. बृहदारण्यक उपनिषदातील ‘वंश’ मात्र रक्ताचा नसून गुरुशिष्यांचा आहे, आणि त्यातील शेवटच्या यादीत आचार्यांची ओळख त्यांच्या मातांच्या नावांवरून दिली आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाला पित्याचे नाव ठाऊक नव्हते. त्याने ते सरळ सांगितले आणि त्या सत्यकथनावरच गुरूने त्याचा स्वीकार केला.

कुरआन शरीफमध्ये लांबलचक वंशावळ्या नाहीत. पण नसबासंबंधी निश्चित भूमिका आहे. सूरह अहजाबमध्ये दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने संबोधण्याची आज्ञा आहे. म्हणजे नसब खरा सांगावा, त्यात भेसळ करू नये. सूरह हुजुरातमध्ये कुळे आणि जमाती परस्परांच्या ओळखीसाठी असल्याचे सांगून श्रेष्ठत्वाची कसोटी तकवा ही ठरवली आहे. हजरत नूह (अ.स.) यांचा पुत्र प्रलयात बुडाला तेव्हा तो तुमच्या घरच्यांपैकी नव्हे, असा निर्वाळा अल्लाहने दिला. उलट हजरत इब्राहीम (अ.स.) मूर्तिपूजक पित्याच्या घरी जन्मले. आपल्या संततीलाही इमामत मिळावी, असे त्यांनी विचारले असता, हे वचन जुलूम करणाऱ्यांपर्यंत पोहोचणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. हजरत याकूब (अ.स.) यांनी मृत्यूसमयी मुलांना विचारले ते मालमत्तेविषयी नव्हे, तर आपल्यामागे कोणाची इबादत कराल, याविषयी. वारसा म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच आढळेल.

कलबुर्गीचे हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (१३२१–१४२२) यांच्या चरित्रात हे दोन्ही वारसे एकत्र दिसतात. त्यांचा नसब हुसैनी सय्यदांचा. पिता सय्यद यूसुफ ऊर्फ शाह राजू कत्ताल यांची कबर खुलताबादेत आहे. परंतु त्यांचा सिलसिला दिल्लीच्या हजरत नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली (मृत्यू १३५६) यांच्यामार्फत हजरत निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५) यांच्याकडे जातो. निजामुद्दीन औलिया अविवाहित होते. तरीही त्यांचा आध्यात्मिक वंश दख्खनपर्यंत पोहोचला. बिदरच्या बहमनी राजघराण्यातील मानले जाणारे शाह मुंतोजी ऊर्फ मृत्युंजय यांनी कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्यत्व पत्करले व ‘सिद्धसंकेतप्रबंध’ हा मराठी ग्रंथ लिहिला. राजवंशाने नव्हे, तर ग्रंथाने आणि गुरुपरंपरेने त्यांचे नाव टिकले.

गेसूदराजांचे समकालीन इतिहासकार इब्ने खल्दून यांनी ‘मुकद्दमा’त (१३७७) नसबाची परखड मीमांसा केली. नसबाचे महत्त्व त्यातून निर्माण होणाऱ्या आपुलकीत व एकजुटीत असते, आणि घराण्याची प्रतिष्ठा साधारणतः चार पिढ्यांत ओसरते, असे त्यांचे मत होते. पहिली पिढी कष्टाने मिळवते, तर शेवटची पिढी ते आपल्याला जन्मानेच मिळाले, असे समजते.

आज या विचाराची निकड दोन ठिकाणी जाणवते. पहिले म्हणजे विवाहसंबंध जुळवताना सय्यद, शेख, अन्सारी, बागवान असे भेद पुढे येतात व ‘कुफू’चा आधार देऊन त्यांना धार्मिक स्वरूप दिले जाते. ज्याचे अमल त्याला मागे ठेवतात, त्याला नसब पुढे नेणार नाही, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिचा अशा वेळी विसर पडतो. दुसरे म्हणजे अनेक घरांतील शजऱ्यांत मुलींची नावेच नसतात. वास्तविक साऱ्या सय्यद घराण्यांचा नसब हजरत फातिमा (र.अ.) या कन्येमार्फतच प्रेषितांपर्यंत (स.अ.) पोहोचतो, आणि कुरआनात हजरत ईसा (अ.स.) यांची ओळख मरियमचे पुत्र अशी मातेच्या नावाने आहे. ज्या शजऱ्याचे मूळ एका कन्येत आहे, त्यातच कन्यांना जागा नसावी, हा विरोधाभास आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांना यात काम करण्यास वाव आहे. विद्यार्थ्यांकडून आपापल्या घराची वंशावळ लिहून घ्यावी. तीत आजी, पणजी, आत्या यांची नावे आवर्जून विचारावीत आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने काय शिकवले, याची एक ओळ लिहवून घ्यावी. वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच हे शक्य आहे. पूर्वजांची नावे सांगता येणे हा वारशाचा आरंभ आहे. त्यांच्यातील चांगले ते पुढे चालवणे, हे प्रत्येक पिढीला नव्यानेच करावे लागते.