न काढलेलं तिकीट

अकोटच्या बाजारात कापसाच्या भावाकडे आजही सगळ्यांचे कान असतात. आकड्याचा जुगारही कापसाच्या भावातूनच आला. न्यूयॉर्कच्या बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत यायचे. लोक त्यावर पैसे लावायचे. साठच्या दशकात ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. तोच मटका.

१९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. तिकीट आपल्या खिशात, निकाल पेपरात. नंबर आपणच जुळवायचा.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘केबीसी’च्या नावाने २५ लाख लागल्याचा मेसेज येतो. आधी प्रोसेसिंग फी मागतात, मग टॅक्स, मग आणखी काही. खऱ्या लॉटरीत रोख बक्षिसावरचा कर बक्षिसातूनच कापतात; तो आधी कुणाच्या खात्यावर भरायला लागत नाही.

मटक्यात हरायलासुद्धा आधी पैसे लावावे लागत. इथे ‘जिंकलात’ म्हणूनच लुटतात. पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा. आणि घरात कुणाला असा मेसेज आला, तर आपल्या वऱ्हाडीत एकच विचारा: ‘पन आपन तिकीट कवा काढलं?’