देवमाशाचे भाऊबंद

देवमासा हा मासा नव्हे, सस्तन प्राणी, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याचा जमिनीवरचा पूर्वज कोण, यावर तज्ज्ञ दीर्घकाळ झगडले. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड या नामशेष, मांसाहारी प्राण्यांकडे बोट दाखवले आणि बहुतेकांना ते पटले.

रक्त मात्र निराळे सांगत होते. १९५० मध्येच बॉयडेन आणि जेमेरॉय यांनी रक्तातील प्रथिने ताडून पाहिली होती. देवमाशाची जवळीक निघाली समखुरी प्राण्यांशी, म्हणजे गाय, डुक्कर, उंट यांच्या गटाशी. पुढे डीएनए वाचता येऊ लागला, तेव्हा पाणघोड्याचे नाव पुढे आले. तरी वाद मिटेना, कारण डीएनएमधले एखादे अक्षर दोन वंशांत योगायोगानेही सारखेच बदलू शकते.

तो सोडवला जपानमधील नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने. जनुकसंचातले काही तुकडे स्वतःची नक्कल करून दुसऱ्याच जागी घुसतात. एकदा घुसलेला तुकडा सहसा निघत नाही, वंशजांकडे उतरत राहतो. पोथीच्या दोन नकलांत त्याच ओळीत तीच चूक सापडली, की पाठसंशोधक त्यांचे मूळ एक मानतात. इथला तर्कही तोच. देवमासा आणि पाणघोडा या दोघांतच नेमक्या त्याच जागी असे तुकडे सापडले. गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागा रिकाम्या होत्या. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मला या साऱ्या कथेतला हाच पुरावा सर्वांत देखणा वाटतो.

मग हाडांनीही साक्ष दिली. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या आद्य देवमाशांच्या जीवाश्मांत समखुरींसारखे, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेले घोट्याचे हाड मिळाले. जम्मूतील कालाकोटचे दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवून ठेवले होते. त्यांतल्या इंडोहायस या मांजराएवढ्या समखुरी प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशासारखेच जाड आहे, हे हान्स थेविसन यांनी २००७ मध्ये दाखवले.

म्हणून देवमासा पाणघोड्यापासून झाला असे नव्हे. दोघांचा पूर्वज एक, एवढेच. पण त्यामुळे जुनी वंशावळ पार बदलली: गाईला डुक्कर किंवा उंटापेक्षा देवमासा जवळचा आहे.