आठांतला एक

१९७१ म्हटलं की आपल्याला ढाक्याची शरणागती आठवते. मला अँथनी मस्कारेन्हस आठवतात. मूळ गोव्याचं, जन्म बेळगावचा, पण पत्रकार कराचीचे, पाकिस्तानचे नागरिक. एप्रिलमध्ये लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवलं, 'सगळं आलबेल' असं लिहावं म्हणून. सातांनी तसंच लिहिलं. मस्कारेन्हसांनी अधिकाऱ्यांच्याच तोंडून कत्तली ऐकल्या होत्या. बहिणीच्या आजारपणाचं निमित्त करून ते लंडनला गेले, 'संडे टाइम्स'ला सगळं सांगितलं. आणि चक्क कराचीला परतले! कारण छापून येण्याआधी बायको आणि पाच मुलं बाहेर काढायची होती. (आपण त्यांचं कौतुक सहज करतो, लष्कर आपलं नव्हतं ना.) घरचे विमानाने निघाले, हे जमिनीच्या वाटेने सीमा ओलांडून अफगाणिस्तानात. १३ जूनला स्वतःच्या नावानिशी बातमी आली. मथळा एकच शब्द: 'जेनोसाइड'. पाकिस्तानात ते गद्दार ठरले.