दुसरी प्रत कुठे आहे?

८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील एका कोठीला आग लागली. तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची सेल्युलोज नायट्रेटची जुनी रिळे होती. १९५० च्या सुमारापर्यंत बहुतेक चित्रपट याच फिल्मवर निघत. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊ. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असल्याने तो पाण्याखालीही जळत राहतो. न पेटताही जुन्या फिल्ममधून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, त्यांचे आम्ल बनते आणि ते फिल्मलाच खाते.

तरीही प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आज पाहता येतो, कारण त्याच्या प्रती इतरत्र होत्या. ‘आलम आरा’ची (१९३१) मात्र एकही प्रत उरलेली नाही. तो या आगीत गेला नाही. त्याच्या कितीतरी आधीच हरवला होता.

स्नेहसंमेलनाचे फोटो आता शाळेच्या संगणकात असतात. हार्ड डिस्क पेटत नाही, एके दिवशी नुसती उघडत नाही. पेन ड्राइव्हवरची प्रत त्याच कपाटात ठेवली, तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतसारखा पूर दोन्ही एकदमच नेईल. तिसरी प्रत दुसऱ्या गावी असावी, आणि दर जूनमध्ये कुणीतरी ती उघडून पाहावी.