ब्रह्मबांधव उपाध्याय : भगव्या वस्त्रातील ख्रिस्तभक्त

ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) हे बंगालमधील कॅथोलिक संन्यासी, पत्रकार व स्वातंत्र्यसेनानी. त्यांचे मूळ नाव भवानीचरण बंद्योपाध्याय. हुगळी जिल्ह्यातील खन्यान गावी ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

केशवचंद्र सेन यांच्या प्रभावाने ते ब्राह्मो समाजात आले आणि १८८८ साली सिंधमधील हैदराबाद येथे प्रचारक म्हणून गेले. १८९१ च्या फेब्रुवारीत त्यांनी अँग्लिकन पाळकाकडून बाप्तिस्मा घेतला व त्याच वर्षी सप्टेंबरात कराची येथे कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. ‘थिओफिलस’ म्हणजे ‘देवाचा मित्र’. या ग्रीक नावाचेच ‘ब्रह्मबांधव’ हे भारतीय रूप होय. १८९४ मध्ये त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली व ‘सोफिया’ हे मासिक सुरू केले.

समाजधर्म आणि साधनाधर्म यांत त्यांनी भेद केला. आहार, आचार व समाजजीवन हा समाजधर्म; त्यानुसार आपण हिंदू आहोत. आत्म्याचे तारण हा साधनाधर्म. त्यानुसार आपण कॅथोलिक आहोत. संत थॉमस अक्विनास यांनी अॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान श्रद्धेच्या सेवेला लावले, तसेच वेदान्तालाही लावता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८९८ साली त्यांनी पवित्र त्रैक्याचे ‘सच्चिदानंद’ रूपात स्तवन करणारे संस्कृत स्तोत्र रचले.

१८९९ मध्ये नागपूरच्या महागुरूंच्या प्रोत्साहनाने त्यांनी जबलपूर येथे नर्मदेकाठी कॅथोलिक मठ स्थापन केला. परंतु परमगुरूंचे भारतातील प्रतिनिधी झालेस्की यांचा त्यास विरोध होता. मठ बंद पडला. पुढे कॅथोलिकांना ‘सोफिया’ वाचण्यासही मनाई झाली.

१९०१ साली शांतिनिकेतन येथील शाळेच्या उभारणीत त्यांनी रवींद्रनाथ ठाकूरांना साहाय्य केले. १९०४ पासून ‘संध्या’ या बंगाली दैनिकातून त्यांनी इंग्रजी सत्तेवर प्रखर टीका केली. ऑगस्ट १९०७ मध्ये, परदेशगमनामुळे, त्यांनी हिंदू रीतीने प्रायश्चित्त घेतले. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेतली गेली. मात्र त्यांच्या दृष्टीने ते समाजधर्माचे कृत्य होते. सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. परकीय सरकारला आपण उत्तरदायी नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी बचाव करण्याचे नाकारले. खटला चालू असतानाच, शस्त्रक्रियेनंतर, २७ ऑक्टोबर १९०७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले.

१९५० मध्ये तामिळनाडूत फादर मोंशानँ व फादर ल सो यांनी सच्चिदानंद आश्रम स्थापन केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य यांचा आदर करण्यास शिकवले. ज्या वाटेवर उपाध्याय एकाकी पडले, ती वाट पुढे ख्रिस्तसभेनेच मोकळी केली. ख्रिस्ताला स्वीकारताना मातृभूमीला परके व्हावे लागते काय, हा त्यांचा प्रश्न आपणा प्रत्येकासाठी आजही चिंतनीय आहे.