गिरडचे गोटे आणि मंगळावरचे सरी-वरंबे

वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय भागात, समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे, शेख ख्वाजा फरीद यांच्या दर्ग्यामुळे प्रसिद्धी पावलेली एक टेकडी आहे. तिच्या उतारांवर लहान, गोलसर गोटे विखुरलेले आढळतात आणि त्यांच्याविषयीची जी कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचे मोल श्रद्धेपुरते नाही. या प्रदेशातील व्यापाराची आणि भूस्तरांची आठवण तिच्यात एकत्र गुंफली गेली आहे.

चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या १८७० च्या गॅझेटिअरमध्ये ही कथा नोंदलेली आहे. तीस वर्षे फकिरी करीत हिंडलेले ख्वाजा फरीद इ. स. १२४४ च्या सुमारास या टेकडीवर स्थिरावले. पुढे मालाची ने-आण करणाऱ्या दोन बंजाऱ्यांनी त्यांची टवाळी केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. ते शरण आले, तेव्हा ख्वाजांनी वाळल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला आणि ते दोघे मरेपर्यंत त्यांच्या सेवेत राहिले. हे वर्ष परंपरेने दिलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पाकपट्टण येथे समाधिस्थ झालेल्या, याच नावाच्या प्रख्यात बाबा फरीदांचा जीवनकाळ त्याच शतकातला असला, तरी त्या वेळी दख्खनेत यादवांची सत्ता होती आणि अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी पन्नास वर्षे दूर होती, म्हणून ते शब्दशः घेता येत नाही. पण कथेतील अपराधी बंजारेच का असावेत, याचे उत्तर इतिहासात सापडते. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य शेकडो कोस वाहून नेणारे बंजाऱ्यांचे तांडे हीच रेल्वेपूर्व काळातील दूरच्या व्यापाराची मुख्य वाहतूक होती, आणि मुलखात नवलाची वस्तू यायची ती बहुधा त्यांच्याच गोणीतून. पुलगाव-वर्धा मार्गाने रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि तांड्यांचे ते दिवस सरले. गिरडच्या कथेत मात्र त्यांचा माल अजून उतरलेलाच आहे.

त्याच गॅझेटिअरने या गोट्यांचे स्वरूपही नेमके ओळखले होते: ते झिओलाइटचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनेत भेगांमधून लाव्हाचे लोट एकामागून एक पसरले आणि थिजून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट खडक, तयार झाला. लाव्हा निवत असताना त्यातील वायूचे बुडबुडे वरच्या अंगाला अडकून राहिले आणि खडकात असंख्य पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात जी द्रव्ये विरघळली होती, ती या पोकळ्यांच्या भिंतींवर थराथराने साचत गेली. त्यांतच झिओलाइट हा खनिजांचा गट येतो, ज्यांच्या स्फटिकांच्या चौकटीत पाणी सामावलेले असते. तापवले असता ते बाहेर पडून खनिज जणू उकळते, म्हणून स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये त्यांना ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. अशा भरलेल्या पोकळ्यांच्या खडकाला भूशास्त्रात जे नाव आहे, तेही ग्रीक भाषेतील बदामावरून आलेले आहे. म्हणजे खडकात टणक फळ पाहण्याची दृष्टी युरोपातील खनिजशास्त्रज्ञांना होती आणि दगडांत तांड्याचा माल पाहणाऱ्या गिरडच्या लोकांनाही होती. भोवतालचा बेसाल्ट उन्हापावसाने झिजून मऊ मुरूम होतो, मुरूम पावसाच्या पाण्याने वाहून जातो आणि पोकळीत भरलेला गोटा मोकळा होऊन उतारावर पडतो. ‘हा दगड इथला नव्हे’ ही कथेतील जाणीव या अर्थी खरीच आहे, कारण खडक आगीतून झाला आणि गोटा पाण्यातून.

या प्रदेशातील खडकांचा पद्धतशीर अभ्यास स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने केला. १८४५ मध्ये नागपूरला आलेल्या हिस्लॉपने सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या सरोवरांच्या गाळाचा आणि त्यातील जीवाश्मांचा शोध घेतला. १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्याचा अंत झाला.

शेतकऱ्यांचे ज्ञान याहून जुने आणि अधिक रोजच्या उपयोगाचे होते. वर्धा-नागपूर भागात जमिनीची प्रतवारी काळी, मोरंड, खरडी आणि बरडी या नावांनी होत असे आणि इंग्रजी अमदानीतील जमाबंदीने हीच नावे उचलली. खोल काळीवर कापूस, तर टेकडीच्या अंगच्या उथळ, गोटाळ बरडीवर निकृष्ट पीक, ही उतरण खडकाच्या झिजेनेच घडवलेली आहे. विहीर खणतानाही अखंड काळा पाषाण लागला की पाण्याची आशा मावळते आणि मुरलेला, भेगाळ, पोकळ्यांचा थर लागला की झरे फुटतात; म्हणजे ज्या वाटांनी एके काळी गोटे भरले, तशाच वाटांनी आज विहिरी भरतात.

पाण्यातून खनिजे साचण्याची आणि भोवतालचा मऊ खडक झिजण्याची हीच प्रक्रिया आता मंगळावर वाचली जात आहे. त्या ग्रहाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचा असल्याने दख्खनेच्या खडकांना, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराला, संशोधकांच्या लेखी मोठे महत्त्व आहे. २०१२ पासून गेल विवरात फिरणारी ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी २०२५ मध्ये माउंट शार्प पर्वताच्या उतारावरील एका विलक्षण प्रदेशात पोहोचली. तेथे मीटर-दोन मीटर उंचीच्या अरुंद कडा एकमेकींना छेदत कित्येक किलोमीटर पसरल्या आहेत आणि त्यांच्या मध्ये खोलगट भाग आहेत. नांगरलेल्या शेतातील सरी-वरंबे आडवे-उभे टाकावेत, तसे ते जाळे दिसते. संशोधकांच्या मते खडकाच्या भेगांतून भूजल वाहिले, त्यातील खनिजांनी भेगांलगतचा भाग घट्ट केला आणि नंतर वाऱ्याने मधला मऊ खडक कोरून नेला. जिथे भेग होती, तिथे वरंबा उरला. जिथे सलग खडक होता, तिथे सरी पडली. पृष्ठभाग कोरडा पडत चालला असतानाही जमिनीखाली पाणी किती काळ टिकले होते, हे या कडांवरून शोधता येते आणि जीवसृष्टीच्या शक्यतेचा प्रश्न त्याच कालमापनाशी जोडलेला आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी तेथील अन्य काही भागांत अ‍ॅनलसाइम हे झिओलाइट वर्गातील खनिजही ओळखले आहे, आणि ते दख्खनेच्या बेसाल्टमध्येही मिळते.

दोन्ही ठिकाणी साम्य असले, तरी झीज करणारा हात वेगळा आहे. मंगळावर वाऱ्याने कोरलेल्या कडा जागच्या जागी उभ्या आहेत; गिरडला पावसाळ्याचे पाणी भोवतालचा मुरूम वाहून नेते, आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर टेकडीच्या अंगावर नवे गोटे उघडे पडतात.