देवासचे बिऱ्हाड

शहर सोडून लहान गावी राहावयास निघालेल्या माणसाकडे लोक थोड्याशा करुणेनेच पाहतात. बदली झाली असेल, धंदा बसला असेल, प्रकृती ढासळली असेल; काही तरी अडल्यावाचून कोणी शहर सोडीत नाही, असा सर्वांचा ग्रह असतो. मुंबईहून माळव्यातील देवास येथे ३० जानेवारी १९४८ रोजी जे एक तरुण बिऱ्हाड उतरले, त्याच्या बाबतीत हा ग्रह पूर्णपणे खरा होता. यजमान चोविसाव्या वर्षात होते, लग्नाला अजून वर्ष पुरे व्हायचे होते, आणि छातीत क्षयाने घर केले होते. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. नव्या गावातील पहिली रात्र कशी गेली असेल, याची कल्पना त्यावरून करावी.

हे यजमान म्हणजे कुमार गंधर्व. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचे मूळ नाव. बेळगावनजीक सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची भाषा कानडी. नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखविणारा हा मुलगा दहा-बारा वर्षांच्या वयातच सर्वत्र गाजला. पुढे मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात ते शिकले आणि तेथेच शिकवूही लागले. १९४७ च्या एप्रिलमध्ये भानुमती कंस या आपल्या शिष्येशी त्यांचा विवाह झाला. गुरू, शिष्य, मैफली, नावलौकिक, संसार, जे जे मुंबईने द्यावयाचे ते सारे हाती आले होते. अशा वेळी दुखणे उघडकीस आले. डॉक्टरांनी कोरड्या हवेत जाऊन राहण्यास सांगितले, आणि गाणे बंद केले.

त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत १९४३ मध्ये लागला होता खरा. पण येथील सामान्य रोग्याच्या उशाशी ते औषध अद्याप पोहोचलेले नव्हते. मोकळी हवा, सकस आहार आणि निजून राहणे, यांपलीकडे उपाय फारसा नसे. पाचगणी, मिरज या गावांची नावे घरोघर दबल्या आवाजात घेतली जात. इंदूर-देवासकडील रसिकांचा स्नेह होता आणि माळव्याच्या पठारावरची हवा कोरडी होती, म्हणून हे बिऱ्हाड देवासला गेले.

देवास हे मराठी माणसाला अगदी परके गाव नव्हे. इंदुरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या काठी, चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याशी ते वसले आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजीराव पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी येथे राज्य मिळविले, आणि भावाभावांच्या वाटणीतून एकाच गावात दोन गाद्या निर्माण झाल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, वाडे दोन, कचेऱ्याही दोन. गाव मात्र एकच, आणि तेही लहानसे. हा प्रकार विलीनीकरणापर्यंत चालला. १९४८ च्या मे महिन्यात मध्य भारत संघ स्थापन झाला. म्हणजे हे आजारी पाहुणे गावात आल्यावर चारच महिन्यांनी गावाचे राजेपण संपले. जहागिरी गेल्या, पागा रिकाम्या झाल्या. परंतु दोन शतके तेथे नांदलेली मराठी घरे, त्यांचे सणवार आणि गाण्याची आवड ही राहिली. उस्ताद रजब अली खाँ हे थोर गवई तर देवासचेच. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा कुमार गंधर्व सुरांच्या वाळवंटात जाऊन पडले, असे जे कोणी रंगवितात ते देवासवर अन्याय करतात.

या गावाचे वर्णन एका मोठ्या लेखकाने आधी केले होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले. त्या आठवणींचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. पुस्तक मोठे हृद्य आहे, पण त्यातले गाव दरबारच्या सज्जातून पाहिलेले आहे: गोंधळाचे, गमतीचे, प्रेमळ. दरबारी पाहुण्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे बरेही नव्हे. त्याला परत जावयाचे असते.

कुमारांना गाव कळले ते अगदी निराळ्या वाटेने. पाच-सहा वर्षे त्यांचा बहुतेक काळ अंथरुणावर गेला. गवयाला गाणे वर्ज्य. पण कानांवर कोणी बंदी घातली नव्हती. लहान गावात आवाज एकमेकांत कालवून जात नाहीत, सुटे सुटे ऐकू येतात. पहाटेच्या जात्यावरची बाई, लग्नघरातून निघालेला बायकांचा घोळका, फेरीवाल्याची हाळी, पाखरे, हातात एकतारी घेऊन दारोदार हिंडणारा नाथपंथी जोगी, या सर्वांची वेळ ठरलेली आणि वाटही ठरलेली. शहरात असले आवाज कानी पडतात ते चालता चालता. येथे एकच धून सहा उन्हाळे, सहा पावसाळे ऐकावयास मिळाली. माळव्यातील ही गाणी चार-पाच सुरांतच फिरतात. एवढ्याशा जागेत एवढे वळण कोठून येते, असा प्रश्न त्या पडून असलेल्या गवयाला पडला, आणि पुढच्या सगळ्या कार्याचे बीज त्या प्रश्नातच होते. जोग्यांच्या निर्गुणी भजनांतील तो एकाकी, सरळ वर उठणारा सूरही त्यांना येथेच सापडला. भजन म्हणजे देवळातील गोडवा, एवढीच कल्पना असलेल्या श्रोत्यांना पुढे त्यांच्या कबीराने चकित केले, त्याचे मूळ देवासच्या गल्लीत आहे.

मात्र हे सर्व सांगताना एका व्यक्तीचा उल्लेख एका वाक्यात उरकण्याची जी पद्धत पडली आहे, ती योग्य नव्हे. आजारी माणूस अंथरुणावरून गाव ऐकत होता, तेव्हा घर कोण चालवीत होते? भानुमतीबाई. त्या शिकलेल्या होत्या, स्वतः गाणाऱ्या होत्या. देवासला त्यांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. सकाळी रोग्याचे पथ्यपाणी, मग शाळा, मग पुन्हा शुश्रूषा, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. क्षयाच्या घरी माणसे जावयास बिचकत, असे ते दिवस. मुंबईत गायिका म्हणून त्यांचे जे काही व्हावयाचे होते ते झाले नाही. लहान गावाने कुमारांना काय दिले याचा हिशेब अनेकांनी मांडला आहे. या बाईंच्या खात्यावर काय खर्ची पडले, ते पान बहुधा कोरेच राहते.

१९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हाती आले आणि प्रकृती सुधारू लागली. १९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. तरी आता गाडी पकडून मुंबईस परत जाण्यास हरकत नव्हती. गुरू तेथे, रेडिओ तेथे, तबकड्यांच्या कंपन्या तेथे, गाणे ऐकून दाद देणारे आणि बिदागी देणारेही तेथेच. ते गेले नाहीत. खरे पाहता कुमार गंधर्व देवासला राहावयास आले ते तेव्हा. १९४८ मध्ये त्यांना तेथे आणून ठेवण्यात आले होते. मैफलीसाठी ते देशभर हिंडले, पण प्रत्येक वेळी परतीचे तिकीट देवासचे असे.

त्यानंतरचे काम सर्वांस ठाऊक आहे. माळव्याच्या लोकगीतांचे स्वर त्यांनी लिहून काढले, त्यांच्या मैफली केल्या. त्या धुनांच्या पोटात दडलेले राग बाहेर काढले आणि त्यांना ‘धुनउगम’ असे नाव दिले. त्यांच्या ‘मधसुरजा’ या रागाविषयी असे सांगतात, की देवीच्या टेकडीकडे बळीसाठी नेले जाणारे बोकड पाहून, त्या मुक्या जिवाची विनवणी त्यांनी या रागाच्या बंदिशीत घातली. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ १९६५ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यातील मजकूर मात्र पुष्कळसा माळव्यात पिकलेला. त्यांच्या गाण्यातील तुटक, आवेगी स्वरसमूहांचे कारण एका फुप्फुसावर जगणे हेच होय, असे पुष्कळदा म्हटले जाते. यात तथ्य नाही असे नाही. पण एवढ्यावरच थांबणे आळशीपणाचे आहे. माळव्याची बाई गाताना कोठे श्वास घेते, हे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले होते. दम कमी झालेल्या माणसाला तोकड्या दमातली ही एक संपूर्ण गायनपद्धती दाराशी भेटली.

१९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई वारल्या. टेकडीच्या पायथ्याच्या घराचे नाव ‘भानुकुल’ असे आहे. १९६२ मध्ये कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्या जमशेदपूरच्या, कलकत्त्यास वाढलेल्या, आणि गाणे शिकावयास मुंबईस आलेल्या. त्यांनाही मोठ्या शहराकडून या लहान गावी यावे लागले. त्या आल्या त्यानंतर गावही पूर्वीचे राहिले नाही. कारखाने आले, १९७४ मध्ये सरकारी नोटा छापण्याचा छापखाना निघाला, आणि देवासचे नाव निघताच कोणी गाण्याची, तर कोणी नोटांची आठवण काढू लागले.

कुमार गंधर्वांचे निधन १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच झाले. प्रकृतीसाठी आलेल्या माणसाचा मुक्काम चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. वसुंधराबाईंचा त्याहून मोठा झाला. कुमारांच्या मागे त्या त्याच घरात राहिल्या, शिकवीत राहिल्या, आणि २९ जुलै २०१५ रोजी देवासमध्येच त्यांनी देह ठेवला.